नकाशात वस्ती रंगली म्हणजे निधी आला?

नाही. कॅलिफोर्नियाच्या हवामान निधीबद्दल हा समज जुनाच. कॅलएन्व्हायरोस्क्रीन या राज्याच्या नकाशा-साधनात प्रदूषणभार आणि लोकसंख्येची स्थिती (आरोग्य, उत्पन्न वगैरे) यांचा गुणाकार करून गुण काढतात. गुणांत वरचे 25 टक्के जनगणना-विभाग ‘वंचित’ ठरतात, नकाशात रंगतात. काही विभाग आणि आदिवासी जमिनी वेगळ्या निकषांवर येतात. पण रंग ही पहिलीच पायरी. पुढे स्थानिकांची नेमकी गरज नोंदवावी लागते, मग ती भागवणारा थेट, खात्रीचा लाभ दाखवावा लागतो. अर्ज इथे अडकू शकतो: पत्ता बरोबर, लाभ मोघम.

उलट गैरसमजही आहे, रंगाबाहेरच्यांना काहीच नाही. 2016 च्या कायद्याने निधीतले किमान 25 टक्के वंचित विभागांत, 5 टक्के अल्प उत्पन्न वस्त्या-कुटुंबांसाठी, आणखी 5 टक्के वंचित विभागापासून अर्ध्या मैलातल्या अशाच अल्प उत्पन्न वस्त्या-कुटुंबांसाठी ठेवले. अल्प उत्पन्नाचं कुटुंब राज्यात कुठेही असलं तरी पात्र ठरू शकतं. उत्पन्नाचा पुरावा हवा; गरज आणि लाभ मात्र इथेही दाखवावे लागतात.