वजन परत आलं म्हणे, पण पेशी गेल्याच कुठे होत्या?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला ताईने एक रील पाठवली. ताई म्हणजे माझी मामेबहीण, नाशिकला असते, २०१९ साली तिची स्लीव्ह झाली, म्हणजे वजन उतरवायचं (बेरिअ‍ॅट्रिक) पोटाचं ऑपरेशन. रीलमधली बाई हातात शेकर घेऊन सांगत होती की बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतर वजन पुन्हा वाढलं असेल तर पाच दिवस फक्त पातळ आणि मऊ खा, तुमचं 'पाउच' आकसून नव्यासारखं होईल. खाली ताईचा मेसेज, "करू का हे?" आणि लगेच दुसरा, "घरी कुणाला बोलू नकोस."

मला रीलचं काही वाटलं नाही, अशा रोज दहा येतात. दुसऱ्या मेसेजचं वाटलं. ऑपरेशनच्या वेळी ताई ११८ किलो होती, दीड वर्षात ७९ वर आली, सगळ्या कुटुंबात कौतुक, लग्नाकार्यात लोक विचारायचे काय गं काय केलंस. मग कोविडनंतर हळूहळू ८३, ८८, आणि आता ९६. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली (दृष्टीने किलो वाढत असते तर आमच्या गल्लीतला पेढेवाला केव्हाच दोनशेच्या पुढे गेला असता). आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य बसलंय, एवढे पैसे घालून पोट कापून घेतलं आणि मी ते वाया घालवलं.

म्हणून हा लेख. पाउचबद्दल थोडकंच लिहितो, कारण त्यात फार काही नाही. मुळात ताईला पाउच नाहीच! पाउच हे गॅस्ट्रिक बायपास नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असतं, जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढूनच टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. वर्षं जातात तशी ही नळी काय किंवा ते पाउच काय, थोडं सैल होऊ शकतं हे खरं, पण सैल झालेला स्नायू पाच दिवस ताक प्यायल्याने आकसत नाही. मग काट्यावर दोन किलो कमी दिसतात ते कसे, तर शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं तेही निघून जातं. सहाव्या दिवशी भाकरी खाल्ली की पाणी परत.

बरं, हे परत वाढणं किती कॉमन आहे? स्वीडनमध्ये १९८७ पासून एक प्रचंड मोठा अभ्यास चालू आहे, 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' नावाचा, त्यात ऑपरेशन झालेली दोन हजारांवर माणसं आहेत. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी हिशोब केला तेव्हा ते उतरणं २५ टक्क्यांवर आलेलं होतं. त्या काळातल्या बाकीच्या दोन ऑपरेशनांत, म्हणजे बँड (जठराला वरून पट्टा बांधणं) आणि जठराला टाके घालून लहान करणं, २० आणि २५ टक्क्यांचे १४ आणि १६ झाले. (स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हती.) म्हणजे थोडं परत येणं हा नियमच आहे, ताई त्या नियमाच्या जरा पुढे गेलीये एवढंच. आणि याच अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी निघालं, परत आलेलं वजन धरूनसुद्धा. तेव्हा 'वाया गेलं' हा शब्द आधी काढून टाका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. चरबीच्या पेशी.

आपण म्हणतो चरबी 'वितळली', 'जळली', 'झडली'. बायकांच्या ग्रुपवर तर चरबी वितळवणारा कंबरपट्टाही विकायला असतो. पण वजन उतरतं तेव्हा चरबीच्या पेशी मरतात का? की नुसत्या रिकाम्या होतात? प्रश्न साधा वाटतो पण उत्तर काढणं महाकठीण, कारण माणसाच्या पोटातल्या पेशीच्या गळ्यात जन्मतारखेचा बिल्ला नसतो. उंदरात रंग टोचून बघता येतं, माणसात तसं करता येत नाही. आणि हे कोडं सुटलं ते कशाने, तर अणुबॉम्बने. खरंच!

कार्बन-१४ शाळेत ऐकलेला असतो. डेक्कन कॉलेजवाल्यांना इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या जळक्या अवशेषांचं वय ज्याने काढलं तोच. हवेत तो अगदी चिमूटभर असतो, झाडं तो घेतात, झाडं आपण खातो, म्हणून आपल्यातही असतो. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं, त्यामुळे हजारो वर्षांच्या गोष्टींना तो चालतो, पण सहा वर्षांची पेशी आणि सोळा वर्षांची पेशी यातला फरक त्याच्या झिजण्यावरून काही कळणार नाही. पण १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका आणि रशियाने उघड्या हवेत एवढे बॉम्ब फोडून बघितले की उत्तर गोलार्धात हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ ला करार झाला, हवेतल्या चाचण्या बऱ्याचशा थांबल्या, आणि मग तो जास्तीचा कार्बन समुद्रात आणि झाडांत मुरत मुरत दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला. आलेख डोळ्यापुढे आणा, सरळ सपाट रेघ, मग एकदम उभा कडा, आणि पलीकडे लांबलचक उतार. त्या उतारावर प्रत्येक वर्षाची पातळी वेगळी. म्हणजे १९७५ ची हवा वेगळी, १९९० ची वेगळी.

आता पेशी दोनात विभागते तेव्हा ती नवा डीएनए बनवते आणि त्यासाठी लागणारा कार्बन त्या वर्षीच्या अन्नातून घेते. पुढे पेशीतलं बाकी सगळं बदलत राहतं, तेल येतं जातं, प्रथिनं तुटतात नवी होतात, पण डीएनएतला कार्बन तसाच. म्हणजे जन्मतारखेचा शिक्का होताच की, आपल्याला वाचता येत नव्हता! स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि मंडळींनी तो वाचला, २००८ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. लोकांची चरबी घ्यायची, त्यातून फक्त चरबीपेशींची केंद्रकं वेगळी काढायची, त्यातला डीएनए काढायचा, कार्बन-१४ मोजायचा आणि त्या उतारावर कुठे बसतो ते बघायचं. जे लोक बॉम्बच्या आधी जन्मलेले त्यांच्या चरबीतही बॉम्बचा कार्बन निघाला, म्हणजे मोठेपणीसुद्धा चरबीपेशी मरतात आणि नव्या होतात. दर वर्षी साधारण १० टक्के. निम्म्या पेशी बदलायला आठ वर्षं आणि वर काही महिने.

पण एकूण आकडा हलत नाही. लहानपणी आणि पौगंडात तो वाढतो आणि विशीच्या आसपास ठरून जातो, जाड माणसात जास्त, बारीक माणसात कमी, आणि मग जेवढ्या मरतात तेवढ्याच येतात, जशा एखाद्या कंपनीत रिटायर झाला की त्याच खुर्चीवर दुसरा. आणि हे तपासायला त्यांनी कोण निवडले होते, तर बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन झालेले पेशंट. ऑपरेशनच्या आधी चरबीपेशी मोजल्या, दोन वर्षांनी पुन्हा मोजल्या. वजन दणदणीत उतरलेलं, पेशी आकाराने बारीक झालेल्या, संख्या मात्र तीच.

मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हंडे तसेच आहेत, पाणी तेवढं ओतलंय." अगदी बरोबर. आणि रिकामा हंडा गप्प बसत नाही. चरबीपेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते (१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबमध्ये याचा जीन सापडला), भरलेली पेशी जास्त सोडते, रिकामी कमी. लेप्टिन पडलं की मेंदूला वाटतं दुष्काळ आला, तो भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. मेंदूला काय माहीत की दुष्काळ नाही, आपण पैसे देऊन ऑपरेशन करून घेतलंय.

यापुढचा भाग जरा किचकट आहे पण मला राहवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्येच झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाचा पेपर आला. त्यांनीही ऑपरेशनवाल्यांचीच चरबी घेतली, आधीची आणि वजन उतरल्यावर दोनेक वर्षांनीची, आणि एकेका पेशीत कोणते जीन चालू कोणते बंद ते बघितलं. वजन उतरून दोन वर्षं झाली तरी बऱ्याच जीनांचा कारभार जाड असतानाचाच. मग उंदरांत आणखी खोल गेले. डीएनएचा दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि त्या रिळांवर छोटे छोटे रासायनिक शेरे मारलेले असतात, मिथाइल वगैरे, हा भाग उघडा ठेव, हा घट्ट गुंडाळ. उंदराला लठ्ठ केल्यावर हे शेरे बदलले आणि पुन्हा बारीक केल्यावर बरेचसे पुसलेच गेले नाहीत. अशा 'माजी लठ्ठ' उंदरांना पुन्हा तेलकट खाणं दिलं तर ते इतरांपेक्षा भराभर फुगले. हे शेरेच त्याला कारण आहेत असं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि शेऱ्यांचा भाग उंदरांतला आहे, बातम्यांमध्ये ते गाळून 'चरबीला स्मरणशक्ती' असं छापलं गेलं. पण दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. पेशी तीच, वर्षानुवर्षं जगणारी, आणि तिच्या वहीत जुने शेरे.

मग ऑपरेशन एवढं तरी टिकतं कसं? कारण ते पोट लहान करण्यापेक्षा निरोप बदलण्याचं काम जास्त करतं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन बनतं, भुकेचं हार्मोन, स्लीव्हमध्ये तो भागच जातो. आणि अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय सोडतात, म्हणजे 'बास झालं' हा निरोप. वजन उतरवायची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. म्हणजे एकीकडून आतडं बास म्हणतंय, दुसरीकडून रिकाम्या पेशी दुष्काळ दुष्काळ ओरडतायत, आणि ही रस्सीखेच पहिल्या दोन वर्षांत संपत नाही, ती चालूच राहते.

मग मी एका रविवारी नाशिकला गेलो. दुपारी ताईच्या ताटात अर्धी भाकरी, दोन चमचे मटकीची उसळ, तेवढ्यातच पोट भरलं तिचं, खोटं नाही. सासूबाई म्हणाल्या बघा हो, चिमणीएवढं खाते. मग चार वाजता चहा, त्यात चार मारी बुडवून. मग टीव्ही बघताना मांडीवर चिवड्याचा डबा, पातळ पोह्यांचा, एकेक चिमूट. सातला कोकम सरबत. रात्री मऊ खिचडी तूप घालून. तिने दिवसभरात एकदाही पोट फुटेस्तोवर खाल्लं नव्हतं, खाऊच शकत नाही ती. पण नळीत घट्ट, चावून खायचं अन्न गेलं तर ते थांबतं आणि निरोप जातो, मारीचा लगदा किंवा सरबत सुळकन खाली उतरतं आणि पोटाला पत्ताच लागत नाही. ऑपरेशन ताटावर पहारा देतं, डब्यावर देत नाही.

आणि गंमत बघा, ती रील तिला पाच दिवस नेमकं तेच खायला सांगत होती, पातळ आणि मऊ!

मी डॉक्टर नाही म्हणून मी फक्त एकच हट्ट धरला, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या ओपीडीत चल. ती चार वर्षं गेली नव्हती, लाजेने. डॉक्टर ओरडले नाहीत. एंडोस्कोपी केली, नळी ठीक होती. थायरॉइड बघितला, इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं कारण स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन वाढतं, झोप विचारली. बी१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही खाली निघालं, गोळ्या तिने कधीच सोडल्या होत्या, आणि त्या खरं तर जन्मभर घ्यायच्या असतात. डायटिशियनने दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलं आणि ते ताटात पहिलं खायचं, अंडं, पनीर, मासे, घट्ट उसळ, मग जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी नाही. आणि वजनं उचलायचा व्यायाम, कारण उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूही गेलेले असतात.

इंजेक्शनचाही विषय निघाला. लंडनमध्ये ऑपरेशननंतर पुरेसं वजन न उतरलेल्या ७० जणांवर लिराग्लुटाइडची (तेही जीएलपी-१ ची नक्कल करणारंच इंजेक्शन) चाचणी झाली होती, २०२३ मध्ये छापून आली, २४ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास उतरलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं अर्धा टक्का. तेव्हा तो मार्ग आहे. स्लीव्हचं बायपास करणं हाही आहे, विशेषतः अ‍ॅसिडिटी फार असेल तर. डॉक्टर म्हणाले तीन महिने आधी खाण्याचं बघू मग ठरवू.

परतताना गाडीत ताई बोटं मोजत होती. "निम्म्या पेशी बदलायला आठ वर्षं ना? दोन हजार एकोणीस... म्हणजे सत्तावीस." मी म्हटलं अगं तसं गणित नसतं ते, नव्या पेशीही त्याच घरात जन्मणार. ती म्हणाली, असू दे, आणि घरी गेल्यावर तो चिवड्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. "तू पुण्याला घेऊन जा हा."

सध्या माझ्याकडे आहे, अर्ध्यावर आलाय.