बसून खाण्याचा हिशेब: आर्थिक स्वातंत्र्याच्या कल्पनेमागची पार्श्वभूमी

‘बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही’ हे वाक्य आपण उपदेश म्हणून ऐकत आलो. खरं तर त्यात एक गणित दडलंय. डोंगर केवढा, वर्षाला त्यातलं खायचं किती, आणि खाताखाता तो थोडा वाढतोय की नाही? आर्थिक स्वातंत्र्यावरची आजची बहुतेक चर्चा याच गणितावर येऊन थांबते. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमली की माणूस मोकळा, असं सांगितलं जातं. हा आकडा जेमतेम तीस वर्षांपूर्वीचा आहे. त्यामागचा प्रश्न मात्र अडीच हजार वर्षं जुना आहे, आणि तो मुळात पैशाचा नव्हताच. तो मिंधेपणाचा होता.

इसवी सनापूर्वी ५९४ च्या सुमारास अथेन्समध्ये सोलोन या कायदे करणाऱ्या राज्यकर्त्याने नागरिकांचे चार वर्ग पाडले. सर्वांत वरच्या वर्गात जायचं तर शेतीतून वर्षाला ५०० मापं उत्पन्न निघायला हवं होतं. तिजोरीत काय आहे हे कुणी विचारत नव्हतं. दरवर्षी काय हाती येतं, हे बघत होते. रोमने पुढे साठ्यावर बोट ठेवलं: सिनेटखालोखाल असलेल्या अश्वारोही वर्गासाठी ४ लाख सेस्टर्सची (रोमन नाणी) मालमत्ता, आणि पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून सिनेटच्या सदस्यासाठी १० लाख. पण या आकड्यांपेक्षा मला रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोचं एक मत जास्त बोलकं वाटतं. मोलमजुरी करणाऱ्याची मजुरी म्हणजे त्याच्या गुलामीचीच खूण, असं त्याने लिहून ठेवलंय. कष्टकऱ्याला इतकं हीन लेखणारं हे मत आज वाचवत नाही, पण त्या समाजाचा निकष त्यातून स्वच्छ दिसतो: ज्याला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावं लागतं, तो स्वतंत्र नव्हे. त्याच रोममध्ये मालकाच्या परवानगीने गुलामाला थोडी पुंजी बाळगता येई. कायद्याने तीही मालकाचीच. तरी ती पै-पै साठवून अनेकांनी मालकाला आपलीच किंमत मोजली आणि सुटका करून घेतली. आर्थिक स्वातंत्र्य या शब्दांचा इतका थेट अर्थ नंतर क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

इंग्लंडने हाच निकष कायद्यात घातला. १४३० च्या कायद्यानुसार परगण्यातल्या मतदाराला स्वतःच्या जमिनीतून वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्न असणं गरजेचं होतं. १८३२ पर्यंत, म्हणजे तब्बल चार शतकं, ही अट मुख्य राहिली. अठराव्या शतकात कायदेपंडित ब्लॅकस्टोनने तिचं कारण सांगितलं: जे अतिशय गरीब आणि परावलंबी आहेत त्यांची स्वतःची अशी इच्छाच नसते, त्यांचं मत दुसराच फिरवतो. खासदारांसाठीही १७१० मध्ये वार्षिक उत्पन्नाची अट आली, परगण्याच्या जागेला ६०० पौंड आणि शहराच्या जागेला ३००. ती १८५८ साली रद्द झाली. या काळात इंग्रजीत ‘स्वातंत्र्य’ या शब्दाला अगदी व्यवहारी अर्थ होता: काम न करता घर चालेल एवढी वार्षिक आवक. एखाद्याची ओळख करून देताना त्याची मालमत्ता किती हे सांगत नसत. ‘वर्षाला हजाराचा माणूस’ असं सांगत.

वर्षाच्या आवकेवर एवढा भरवसा कशामुळे ठेवता आला, हे समजायला एक कातडं पाहावं लागेल. १६४८ साली नेदरलँड्समधल्या एका जलमंडळाने नदीचा बांध दुरुस्त करण्यासाठी कर्ज उभारलं आणि त्याचा रोखा बोकडाच्या कातड्यावर लिहून दिला. मुद्दल परत करण्याची मुदत त्यात नव्हती. जो हा रोखा घेऊन येईल त्याला व्याज, कायमचं. व्याज दिलं की तशी नोंद त्या कातड्यावरच होई. विसाव्या शतकात जागा संपली, तेव्हा कागदाची पुरवणी जोडली गेली. २००३ मध्ये येल विद्यापीठाने हा रोखा संग्रहासाठी विकत घेतला. २०१५ मध्ये बारा वर्षांचं थकलेलं व्याज त्यांना मिळालं: सुमारे १३६ युरो. पावणेचारशे वर्षांपूर्वी दिलेला शब्द अजून पाळला जातोय, याने मन भरून येतं. पण एका वर्षाचे अकरा-बारा युरो हा आकडाही त्याच कातड्यावर वाचायला हवा.

ब्रिटिश सरकारने १७५० च्या दशकात आपली विखुरलेली कर्जं एकत्र करून असेच बिनमुदतीचे रोखे काढले. त्यांना कन्सोल म्हणत. व्याज ३ टक्के. हा दर धरला तर वर्षाला ३०० पौंड हवे असतील तर १०,००० पौंडांचे रोखे लागत, म्हणजे खर्चाच्या तेहेतीसपट. १८२१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पौंड सोन्याला बांधलेला होता. त्यामुळे आजोबांनी घेतलेल्या रोख्यावर नातवाचं घर चालू शकत होतं. फ्रान्समध्ये अशा व्याजावर जगणाऱ्यांना ‘राँतिए’ असं नावच पडलं.

ही आवक येत कुठून होती, तेही सांगायला हवं. १८३३ मध्ये ब्रिटनने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली. ज्यांच्या पिढ्या राबल्या त्यांना एक पेनीही नाही. उलट आणखी काही वर्षं जुन्याच मालकाकडे सक्तीने राबणं त्यांच्या नशिबी आलं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ साली मिटला. कुणाच्या तरी निवांत वार्षिक आवकेच्या तळाशी दुसऱ्या कुणाचं पारतंत्र्य होतं, आणि ते सरकारी वह्यांत आकड्यांनिशी नोंदलेलं आहे.

पहिल्या महायुद्धाने हे जग मोडलं. १९१८ च्या सुरुवातीला रशियाच्या क्रांतिकारी सरकारने झारची कर्जं नाकारली, आणि ते रोखे घेतलेल्या असंख्य फ्रेंच कुटुंबांच्या हातात नुसता कागद राहिला. जर्मनीत तर शब्द मोडावाच लागला नाही. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. ज्याने आयुष्यभर साठवलं, त्याला त्याचे मार्क मोजून परत मिळत होते. फक्त त्यांचा पावही येत नव्हता. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली सर्वांत मोठी शिकवणी हीच आहे, आणि ती फार निष्पाप माणसांनी भरली.

काम न करता जगण्याचा हक्क म्हातारपणापुरता सर्वांना मिळावा, ही दुसरी वाट तोवर सुरू झाली होती. जर्मनीने १८८९ मध्ये सत्तरीनंतरच्या पेन्शनचा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत मिळू लागले. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचा, पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये आयडा मे फुलर या बाईंच्या नावे निघाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. त्या शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना एकूण सुमारे २२,८८९ डॉलर मिळाले.

श्रीमंती आणि स्वातंत्र्य यांतला फरक सर्वांत उघडा पडतो तो बायकांच्या बाबतीत. १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची कमाई आणि रोकड कायद्याने नवऱ्याची होत असे. मोठ्या घरात, नोकरचाकरांत राहणारी बाईसुद्धा स्वतःच्या नावावर शिलिंगभर खर्चाला मोकळी नव्हती. फ्रान्समध्ये विवाहितेला नवऱ्याच्या संमतीविना बँकेत खातं उघडता येऊ लागलं ते १९६५ मध्ये. कर्ज देताना स्त्री म्हणून भेदभाव करायला अमेरिकेने बंदी घातली ती १९७४ मध्ये. आज हयात असलेल्या कितीतरी बायकांच्या आयुष्यातली ही वर्षं आहेत.

आता तो पंचवीसपटीचा आकडा. कॅलिफोर्नियातले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन मुळात विमानशास्त्राचे इंजिनीअर. निवृत्तीनंतर पुंजीतून दरसाल किती काढावं, याला लोक सरासरी परताव्याच्या भरवशावर उत्तर द्यायचे. बेंगन यांनी १९२६ पासूनची अमेरिकी शेअर आणि सरकारी रोख्यांची आकडेवारी घेतली आणि प्रत्येक वर्षी कुणी निवृत्त झाला असता तर त्याचं काय झालं असतं, हे तपासलं. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, पुढे महागाईइतकी वाढ करत राहा, पुंजी ३० वर्षं टिकते. त्याचं उलट केलं की पंचवीसपट. सर्वांत कठीण काळ १९२९ च्या मंदीत निवृत्त झालेल्यांचा नव्हता. तेव्हा वस्तूंचे भावही कोसळले होते, त्यामुळे खर्च कमी झाला. हाल झाले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम सोडणाऱ्यांचे. बाजार थिजलेला आणि महागाई चढती. १९२३ चा धडाच तिथे संथ गतीने पुन्हा गिरवला गेला. पुढे जास्त प्रकारची गुंतवणूक धरून बेंगन यांनी स्वतःच हा दर वाढवला.

हा सगळा हिशेब साठीच्या आसपासच्या माणसासाठी होता. आज तोच आकडा चाळिशीत नोकरी सोडू पाहणारे वापरतात, आणि त्यांना पन्नास वर्षं काढायची असतात. १९२६ ते १९९४ या ६८ वर्षांत एकमेकांवर न चढणारा पन्नास वर्षांचा कालखंड एकच बसतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाला पडताळा एकाच उदाहरणाचा.