फिलरमुळे गेलेली दृष्टी: उपचार कुठून आले, कुठे अडले

बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत फिलरच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या-खळगे भरायच्या इंजेक्शनच्या, पाट्या आता दिसू लागल्या, म्हणून हे खूळ नवं वाटतं. पण चेहऱ्यात काहीतरी टोचून तो भरण्याचा उद्योग सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यापायी डोळा गमावल्याच्या नोंदीही जवळजवळ तितक्याच जुन्या. १८९९च्या सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन टोचून पाहिलं. मग पॅराफिन आलं. १९०३ साली बसकं नाक उंच करायला पॅराफिन टोचल्यावर दोन्ही डोळे गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. तरीही ते पुढे बरीच वर्षं चाललं!

नाक आणि दोन भुवयांमधली जागा धोक्याची का? तिथल्या बारीक धमन्या डोळ्याच्या धमनीला आतून जोडलेल्या असतात. सुई चुकून धमनीत गेली आणि सिरिंज जोरात दाबली, तर द्रव्य उलट्या दिशेने डोळ्यामागे सरकतं. दाब सुटला की रक्तच त्याला पुढे ढकलतं आणि डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. भुवयांमधून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत ती धमनी भरायला सरासरी ०.०८५ मिली पुरतं, असं मृतदेहांवरच्या मोजमापात दिसलं. फिलरची सिरिंज सहसा १ मिलीची! काही क्षणांत डोळ्यासमोर अंधार, बहुधा भयंकर कळ, कधी पापणी खाली येते, कधी सोबत पक्षाघातही.

आज सगळ्यात जास्त वापरतात ते फिलर हायल्युरोनिक आम्लाचं, म्हणजे शरीरातच असणाऱ्या एका चिकट पदार्थाचं. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं ते गाईच्या डोळ्यातून. ते विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, हेही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या ओळखीचं. १९४०च्या दशकाअखेरपासून भूल नीट पसरावी म्हणून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनात वापरत आलेत. त्यामुळे फिलरनंतर दृष्टी गेली तर तेच डोळ्यामागे टोचावं, हा विचार २०१४च्या आसपास पुढे आला. कल्पना सरळ आहे, निकाल नाही. २०१८ साली एका रुग्णाची दृष्टी परतल्याचं प्रसिद्ध झालं, पण त्याआधीच्या वर्षी चार रुग्णांत काहीच उपयोग झाला नव्हता. सशांवरचे प्रयोगही एकमेकांशी जुळत नाहीत.

२०१५च्या आढाव्यात अशी दृष्टी गेल्याच्या जगभरातल्या ९८ घटना जमल्या. त्यांत सर्वाधिक वाटा रुग्णाचीच चरबी टोचल्याचा होता, आणि चरबी या औषधाने विरघळत नाही. २०१९च्या आढाव्यात आणखी ४८ घटना आल्या, बहुतेक हायल्युरोनिक आम्लाच्या. त्यांतल्या १० जणांची दृष्टी पूर्ण परतली.

खरी अडचण घड्याळाची. मूळचे पंजाबचे नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हयरेह यांनी माकडांवर दाखवलं की धमनी बंद ठेवल्यावर पडदा साधारण ९७ मिनिटं तग धरतो आणि २४० मिनिटांत पुरता निकामी होतो. माणसाच्या पूर्ण बंद धमनीत ही मुदत पंधरा मिनिटांच्या आतबाहेर असावी, असं नंतरच्या काही अभ्यासकांचं मत. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. कोल्हापूर त्यापेक्षा जवळ. अथणीकर तर सवयीने मिरज गाठतात. राज्याची हद्द आडवी येत नाही, पण वेळ रस्त्यातच संपतो. म्हणून उपचार टोचणाऱ्याच्याच खोलीत सुरू व्हायला हवा: सुई थांबवणं, डोळ्याला मसाज, दाब उतरवणारे थेंब आणि हाताशी हायल्युरोनिडेज. पार्लरमधल्या ताईंकडे ते सापडायचं नाही. तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फ्रीजमध्ये १५०० युनिटच्या कुप्या निघतील. मात्र नुसत्या थेंबांच्या भुलीवर मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊ लागल्यापासून तिथेही त्यांची गरज कमी झाली आहे.

चीन आणि कोरियात मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन औषध सोडण्याचे प्रयत्न झालेत. आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळांत कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करायच्या खोल्या) आहेत, त्या मुख्यतः हृदयासाठी चालतात. तिथे ती नळी डोळ्यापर्यंत नेणारा डॉक्टर नेमका त्या तासाला हजर असेलच असं नाही.