कंपाउंडेड केटामिन: भुलीच्या इंजेक्शनापासून जिभेखालच्या वडीपर्यंत

केटामिन 1962 मध्ये अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ केल्व्हिन स्टीव्हन्स यांनी तयार केले. त्याआधीचे फेन्सायक्लिडिन भूल उत्तम देई, पण नंतर रुग्ण बराच काळ भ्रमात राहत. तेव्हा तसेच, पण लवकर उतरणारे औषध हवे होते. 1970 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली, ती केवळ भुलीसाठी आणि केवळ इंजेक्शनाला. पुढच्या साऱ्या गुंतागुंतीचे मूळ या मर्यादेत आहे.

2000 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या छोट्या अभ्यासात आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासात, किलोमागे 0.5 मिलिग्रॅम केटामिन 40 मिनिटांत शिरेतून दिल्यावर नैराश्य लवकर उतरल्याचे दिसले. तोवर पेटंट केव्हाच संपले होते आणि स्वस्त जेनेरिक औषधाला नव्या उपयोगासाठी मान्यता मिळवण्याचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न तसाच राहिला. मार्च 2019 मध्ये नैराश्यासाठी मान्यता मिळाली ती एस्केटामिनच्या, म्हणजे केटामिनमधल्याच एका घटकरूपाच्या, नाकातील फवाऱ्याला, आणि तीही नोंदणीकृत केंद्रातच घेण्याच्या व नंतर किमान दोन तास देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर.

उरलेली जागा कंपाउंडिंग फार्मसींनी भरली. एखाद्या रुग्णाला बाजारातले औषध चालत नसेल, तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरून त्याच्यापुरते औषध बनवण्याची ही जुनी प्रथा. तिच्यातून केटामिनच्या वड्या, कॅप्सूल आणि नाकातले फवारे निघाले. 2012 मध्ये अशाच एका फार्मसीच्या दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे मेंदूज्वराची साथ पसरून साठहून अधिक माणसे दगावली, आणि 2013 मध्ये कायदा कडक झाला. तरीही कंपाउंडेड औषधाची सुरक्षितता, परिणाम आणि दर्जा विक्रीपूर्वी प्रशासन तपासत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. 2020 मध्ये महामारीमुळे प्रत्यक्ष भेटीची अट सैल झाली आणि व्हिडिओ कॉलवरच्या चिठ्ठीनंतर वड्या थेट घरी पोहोचू लागल्या.

लिहून देणाऱ्याने इथे मिलिग्रॅमच्या आकड्यावर विसंबू नये. गिळलेल्या केटामिनचा साधारण पाचवा भागच रक्तात पोहोचतो. तीच वडी जिभेखाली विरघळवली तर प्रमाण वाढते आणि तोंडातले द्रावण शेवटी गिळले की थुंकले यानेही फरक पडतो. एप्रिल 2023 मध्ये प्रशासनाकडे आलेल्या एका अहवालात, आघातोत्तर तणाव विकारासाठी तोंडावाटे घ्यायचे कंपाउंडेड केटामिन आरोग्यकेंद्राबाहेर घेतलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला होता. त्याच्या रक्तातील पातळी भुलीच्या नेहमीच्या पातळीच्या दुप्पट असल्याचे दिसले. फवाऱ्यांबाबत 2022 मध्ये इशारा दिलेल्या प्रशासनाने ऑक्टोबर 2023 मध्ये तोंडावाटे घेण्याच्या प्रकारांसह पुन्हा इशारा दिला, त्यात ही नोंद आहे. गुंगी, रक्तदाब वाढणे, गैरवापर आणि मूत्राशयाचे विकार हे धोकेही त्याच इशाऱ्यात आहेत. एस्केटामिनला असलेली सक्तीची देखरेख मात्र कंपाउंडेड केटामिनला लागू नाही. ती किती ठेवायची, हे चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरच ठरवतो.