एकाच ‘टेक ऑफ’चे इतके अर्थ कसे झाले?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे-पनवेल पट्ट्यात आता ‘टेक ऑफ’ म्हटले की विमानच डोळ्यांपुढे येते. ऐरोली किंवा महापे येथील कार्यालयात परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र क्रियापद आणि ‘ऑफ’सारखा छोटा शब्द यांची हीच जोडी, म्हणजे ‘फ्रेझल व्हर्ब’, बूट काढणे, रजा घेणे, रक्कम वजा करणे, धंद्याने एकाएकी जोर धरणे, एखाद्याची नक्कल करणे अशा निरनिराळ्या अर्थांनी भेटते. हे अर्थ मनाला येईल तसे जमा झालेले नाहीत. त्यांच्यामागे सुमारे हजार वर्षांचा इतिहास आहे.

जुन्या इंग्रजीत दिशा दाखवणारे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी जोडले जात; ‘विथस्टँड’, ‘अंडरस्टँड’ ही त्या रचनेची आजही टिकलेली उदाहरणे होत. पुढे हे शब्द सुटे होऊन क्रियापदाच्या मागे येऊ लागले, आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेचाही या बदलाला हातभार लागला, असे अनेक अभ्यासक मानतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय यांचा व्यवहार फ्रेंच-लॅटिनकडे झुकला व ‘एंटर’सारखी क्रियापदे भाषेत आली, घरात, शेतात आणि बाजारात मात्र ‘गो इन’च चालू राहिले. ‘एक्स्टिंग्विश’ लेखी कागदात शोभते आणि दिवा मालवताना ‘पुट आउट’ म्हटले जाते, त्याचे मूळ या दुफळीत आहे.

अर्थ वाढण्याची वाट बहुधा स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाते. ‘अप’ म्हणजे वर. भांडे वरपर्यंत भरले की ते पूर्ण भरते, म्हणून ‘अप’ला पूर्णतेचा अर्थ चिकटला आणि ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे झाले. मराठीत हे काम ‘टाकणे’ हे दुसरे क्रियापद करते, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा अर्थ वाटतो तितका परका नाही. कधी मूळ वस्तू नाहीशी होते आणि शब्द उरतो. भिंतीवरच्या जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर आकड्याला अडकवला की संभाषण तुटत असे, म्हणून फोन ठेवणे म्हणजे ‘हँग अप’. कानाला हेडसेट लावून बसलेल्या महाप्याच्या कर्मचाऱ्यापुढे अडकवण्यासारखे काहीच नसले, तरी प्रयोग तोच आहे.

या जोड्या परकीयांना सर्वांत अवघड जातात, हे इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. तेथे त्याने ‘टेक ऑफ’चा अर्थ नक्कल करणे असा दिला आहे, विमानाचा अर्थ अर्थातच विसाव्या शतकातला. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव जॉन्सनच्या कोशाहून बरेच अलीकडचे आहे: लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ याने १९२५ मध्ये ते छापून वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे सांगितले.

आपल्याकडे अडचणीत एक भर पडली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्या काळापासून इंग्रजी आली ती मुख्यतः ग्रंथांची, कायद्याची आणि सरकारी अर्जांची. त्यामुळे पुढे ढकलणे या अर्थाचे ‘पोस्टपोन’ मराठी माणसाच्या सहज तोंडी बसले आणि त्याच अर्थाचे ‘पुट ऑफ’ परके राहिले. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली, तरी फ्रेझल व्हर्ब अजूनही बहुधा तक्त्यातूनच पाठ करून घेतले जातात, एका जोडीपुढे एक अर्थ अशा पद्धतीने. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ‘टर्न डाउन’ शिकवताना आधी बटण खाली फिरवून आवाज कमी करणे दाखवावे, आणि मगच मागणी नाकारण्याच्या अर्थाकडे वळावे.