भाला सुटण्याआधीची फूटपट्टी

गळाला लागलेला मासा लहान निघाला तर तो परत पाण्यात सोडता येतो. भाल्याने टिपलेल्या माशाच्या बाबतीत ती सोय नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यालगत श्वास रोखून डुबकी मारणारा, स्पिअरगनने, म्हणजे भाला सोडणाऱ्या बंदुकीने, सी बास हा मासा टिपणारा शिकारी या एका मुद्द्यावर बाकीच्या हौशी मच्छीमारांहून वेगळा पडतो. ४२ सेंटिमीटरहून लहान बास घ्यायचा नाही, हा नियम दोघांनाही सारखाच. गळवाला मासा हातात घेतो, पट्टीवर ठेवतो आणि मग काय ते ठरवतो. भालेवाल्याला हा निर्णय आधीच घ्यावा लागतो, तोही पाण्याखाली, हलत्या माशाकडे बघत, छातीत उरलेल्या हवेच्या जोरावर. आणि नेमके तिथेच त्याचे डोळे दगा देतात. हा दगाही बहुतेक वेळा एकाच बाजूचा असतो: मासा आहे त्याहून मोठा भासतो.

हवेत असताना आपल्या डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं निम्म्याहून अधिक काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पार पाडतो. कॉर्निया आणि पाणी यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारे आकडे, जवळजवळ सारखे असल्यामुळे पाण्याखाली हे काम बंद पडतं आणि उघड्या डोळ्यांना सगळं धूसर दिसतं. मास्क लावला की डोळ्यांपुढे हवेचा कप्पा येतो आणि चित्र स्वच्छ होतं. पण आता माशाकडून येणारा प्रकाश पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत शिरताना वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणजे चार छेद तीन. त्यामुळे ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर असल्यासारखे किरण डोळ्यांत येतात, आणि मासा डोळ्यापाशी जो कोन करतो तो साधारण एक तृतीयांशाने वाढतो.

इथवर भौतिकशास्त्र. खरी मेख पुढे आहे, मेंदूत. वस्तू केवढी आहे हे मेंदू दोन गोष्टींवरून ठरवतो: ती डोळ्यापाशी केवढा कोन करते आणि ती किती लांब आहे असं वाटतं. मासा ३ मीटरवर आहे हे मेंदूने पुरतं मान्य केलं, तर वाढलेला कोन आणि घटलेलं अंतर यांची वजाबाकी होऊन लांबी बरोबर यायला हवी. पण तसं क्वचितच होतं. पाण्यात बराच काळ घालवलेल्या पाणबुड्यांना अंशतः सवय होते, नवख्यांना तेवढीही नसते. त्यात पाणी गढूळ असेल तर आणखी पंचाईत. धुक्यातल्या वस्तू जशा लांब वाटतात तशा गढूळ पाण्यातल्या वस्तू, रंग आणि कडा फिक्या पडल्यामुळे, प्रत्यक्षाहून लांब वाटू लागतात. कोन मोठा आणि अंतरही जास्त, म्हटल्यावर मेंदू निष्कर्ष काढतो की मासा दांडगा आहे. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही असे दिवस काही कमी नसतात.

हे आकड्यांत मांडलं की धोका कळतो. एक तृतीयांशाची वाढ पूर्णपणे धरली, तर जो बास बरोबर ४२ सेंटिमीटरचा दिसतो तो असतो साडेएकतीसचा. लांबीतला फरक एक चतुर्थांश, पण वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे हा मासा कायद्यात बसणाऱ्या माशाच्या निम्म्या वजनाचाही भरत नाही. चूक नेहमीच एवढी मोठी होत नाही. पण ती कोणत्या बाजूला होणार हे आधीपासून माहीत असताना, काठावरचा मासा बघून ‘बसेल बहुतेक’ म्हणत घोडा दाबणं याला मी निष्काळजीपणा म्हणेन, दुर्दैव नाही.

पण ४२ हाच आकडा कुठून आला? युरोपियन सी बास, शास्त्रीय नाव डायसेंट्रार्कस लाब्रॅक्स, हा अतिशय सावकाश वाढणारा मासा आहे. उत्तरेकडच्या थंड पाण्यात मादी साधारण ४२ सेंटिमीटरची झाल्यावर वयात येते आणि तिथवर पोहोचायला तिला पाच ते सात वर्षं लागतात. नर त्याआधीच, ३५ सेंटिमीटरच्या आसपास तयार होतात. २०१५ पर्यंत तिथली मर्यादा ३६ सेंटिमीटर होती. म्हणजे कायद्याने खुशाल मारू दिलेला ३६चा मासा मादी असेल, तर तिने बहुधा आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसायची. नर तेवढे सुटले आणि माद्या अडकल्या, असा तो नियम होता. भूमध्य समुद्रात बास लवकर वयात येतो आणि तिथे युरोपीय संघाची मर्यादा २५ सेंटिमीटर आहे. तिथल्या माद्यांच्या मानानेही ती मला तोकडीच वाटते.

बासच्या बालपणाची गोष्ट या आकड्याशी जोडलेली आहे. उन्हाळाभर किनाऱ्यालगतच्या खडकांत, लाटा फुटतात तिथल्या खळबळाटात खेकडे, कोळंबी, छोटे मासे खात हिंडणारे मोठे बास हिवाळ्यात खोल पाण्याकडे निघतात. फेब्रुवारी ते मे या काळात इंग्लिश खाडी आणि केल्टिक समुद्रात उघड्यावर अंडी घातली जातात. अंडी तरंगती. त्यातून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत, अंगात थोडं बळ आल्यावर पोहत, नदीमुखांत आणि खाऱ्या दलदलीच्या चरांमध्ये शिरतात. पुढची चार-पाच वर्षं त्यांचा मुक्काम तिथेच. एखादा हिवाळा कडाक्याचा गेला की पहिल्या वर्षाची पिल्लं मोठ्या संख्येने मरतात आणि त्या सालची पिढीच जवळपास गायब होते. २००८ नंतरची सलग काही वर्षं अशी दुबळी गेली, मासेमारी मात्र चालूच राहिली. ब्रिटनने १९९० मध्येच अनेक नदीमुखं आणि खाड्या बासचं पाळणाघर म्हणून जाहीर करून तिथे बोटीतून बास धरण्यावर निर्बंध घातले होते, पण पाळणाघरातून बाहेर पडलेला मासा वयात यायच्या आतच कापला जात असेल तर राखणीचा उपयोग अर्धाच.

साठा घसरल्याचं स्पष्ट झाल्यावर २०१५ मध्ये युरोपीय संघाने घाईने पावलं उचलली. जानेवारीत, अंडी घालायला जमलेल्या थव्यांवर दोन बोटींच्या मध्ये जाळं ओढून होणारी मासेमारी थांबवली गेली. मग हौशी मच्छीमारांना दिवसाला ३ बासची मर्यादा आली आणि सप्टेंबरमध्ये किमान लांबी ४२ झाली. २०१६च्या पहिल्या सहामाहीत तर हौशी मंडळींना बास ठेवायलाच बंदी होती. पकडा आणि सोडा, एवढंच. यातली एक गोम सहज लक्षात येत नाही. सोडून दिलेल्या बासपैकी बहुतेक जगतात. साठ्याचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञ गळातून सोडलेल्या माशांतले सुमारे ५ टक्के दगावतात असं धरतात. त्यामुळे गळवाल्यांचा छंद त्या सहा महिन्यांतही चालू राहिला. भालेवाल्यांसाठी तीच सवलत म्हणजे पूर्ण बंदी होती. पुढे २०२० मध्ये मर्यादा दिवसाला २ मासे झाली, आणि ब्रिटन संघाबाहेर पडल्यापासून दोन्ही बाजू दरवर्षी वाटाघाटी करून नियम ठरवतात. बंद महिने आणि माशांची संख्या बदलत राहते, म्हणून त्या वर्षीचा नियम पाहिल्याशिवाय पाण्यात उतरण्यात अर्थ नाही.

भाल्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जाळ्यासारखं नको ते काही त्यात अडकत नाही. तळ खरवडला जात नाही. ब्रिटिश पाण्यात हा खेळ श्वास रोखूनच खेळला जातो, आणि फ्रान्स, स्पेन, इटलीत हवेची टाकी पाठीवर घेऊन भाला चालवणं कायद्यानेच मना आहे, त्यामुळे माशाला पळायला वाव राहतो. आणि मुख्य म्हणजे शिकारी एकेक मासा निवडून मारतो. आता हाच गुण दुधारी आहे, कारण निवड करायला मिळाली की माणूस सगळ्यात मोठा मासा निवडतो.

मोठी मादी म्हणजे फक्त जास्त मांस नव्हे. ६० सेंटिमीटरची मादी वजनाने ४२च्या मादीच्या जवळजवळ तिप्पट भरते, आणि बासच्या मादीत किलोमागे काही लाख अंडी असतात. शिवाय मोठ्या मादीची अंडी वजनाच्या प्रमाणाहूनही जास्त असतात, असं बहुतेक समुद्री माशांत दिसतं. डिएगो बार्नेचे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३४२ जातींच्या माहितीवरून हे दाखवलं. त्यांचं कॉड माशाचं उदाहरण डोळ्यात भरणारं आहे: ३० किलोची एक मादी, प्रत्येकी २ किलोच्या २८ माद्यांहून जास्त अंडी देते. त्या अठ्ठावीस माद्यांचं एकूण वजन ५६ किलो होतं, हे विसरू नका.

सतत मोठे मासेच काढत राहिलं तर काय होतं, याचा प्रयोगही झालेला आहे. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी २००२ मध्ये अटलांटिक सिल्व्हरसाइड या छोट्या माशाच्या काही टाक्यांतून प्रत्येक पिढीत सगळ्यात मोठे ९० टक्के मासे काढून टाकले, तर दुसऱ्या काही टाक्यांतून सगळ्यात छोटे ९० टक्के. चारच पिढ्यांत पहिल्या टाक्यांमधले मासे दुसऱ्यांच्या मानाने सरासरी निम्म्याच वजनाचे उरले. समुद्र म्हणजे टाकी नव्हे, तिथे एवढी कठोर छाटणीही होत नाही. पण दिशा कळायला एवढं पुरे.

म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी, जो युरोपियन बासचा जरा लांबचा नातेवाईक आहे, नुसती खालची मर्यादा ठेवलेली नाही. हौशी मच्छीमारांना समुद्रातला मासा २८ इंचांहून लहान चालत नाही आणि २०२३ पासून ३१ इंचांहून मोठाही नाही. युरोपियन बासला अशी वरची मर्यादा कायद्याने नाही. माझ्या मते ती स्वखुशीने पाळायला भालेवाल्याइतकी सोयीची जागा कुणाचीच नाही. गळवाल्याला मोठी मादी आधी ओढून दमवावी लागते, मग सोडायची. भालेवाल्याने फक्त घोडा दाबला नाही की झालं.

बास पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, ही आणखी एक गोष्ट. अंगात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रं बसवलेले बास अंडी घालायला शेकडो किलोमीटर लांब जाऊन पुढच्या उन्हाळ्यात आधीच्याच किनाऱ्यावर परतल्याचं आढळलं आहे. एखाद्या खडकाळ टोकाभोवतीचे मोठे बास कुणी एका मोसमात साफ केले, तर ती जागा पटकन भरून येईल असं धरून चालता येत नाही.

मग पाण्याखाली मोजायचं कसं? शिकारी केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या झुडपाआड, खडकाच्या घळीत तळाला चिकटून निश्चल पडून राहतो. बास चौकस असतो, बघायला येतो. पण तो समोरून येतो. समोरून दिसतं ते डोकं आणि त्यावरची ताठ झालेली काटेरी पाठ. लांबी अजिबात कळत नाही. त्याने कूस दाखवेपर्यंत थांबावंच लागतं. कूस दिसली की बरेच जण त्याची तुलना बंदुकीच्या नळीवर केलेल्या ४२च्या खुणेशी करतात. मास्क नळी आणि मासा दोघांनाही सारखंच फुगवतो, तेव्हा कल्पना चांगली आहे. फक्त नळी माशाहून जवळ असते, त्यामुळे तिच्याशेजारी मासा प्रत्यक्षापेक्षा आखूड वाटतो. ही चूक उलट्या बाजूची, म्हणजे माशाच्या फायद्याची असल्यामुळे तिचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. खात्रीचा उपाय म्हणजे माशाच्याच अंतरावरची मोजपट्टी: तो ज्या खडकाला लागून गेला त्यावर त्याचं नाक कुठे होतं आणि शेपटी कुठे, हे लक्षात ठेवायचं आणि मग खाली जाऊन तेवढ्या जागेला नळी लावून बघायची. तोवर मासा गेलेला असतो, पण नजर तयार होते. प्रवाळांवर माशांची गणती करणारे जीवशास्त्रज्ञही प्रत्यक्ष कामाआधी पाण्यात ठरावीक लांबीचे कृत्रिम मासे ठेवून असाच सराव करतात.

लांबीखेरीज अंगकाठीही बोलते. लहान बासचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा दिसतो आणि अंग सडसडीत असतं. वाढत्या वयाबरोबर डोळा मागे पडतो, डोक्यामागचा भाग भरतो, पोट खोल होतं. थवा असेल तर आणखी सोपं. एकाच मापाचे पंधरा-वीस मासे शिस्तीत फिरताना दिसले तर ती बहुतेक पोरंच.

वर आल्यावरची मोजणीही नीट हवी. मासा सपाट पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत. फ्रान्समध्ये हौशी मच्छीमाराला बासच्या शेपटीचा खालचा तुकडाही कापावा लागतो, म्हणजे तो मासा नंतर गुपचूप बाजारात जाऊ शकत नाही. मेलेला मासा ताठरल्यावर आणि बर्फात ठेवल्यावर थोडा आखडू शकतो, त्यामुळे खडकावर ४२ला टेकलेला बास संध्याकाळी तपासणाऱ्याच्या पट्टीवर त्याखाली भरण्याची शक्यता असते. म्हणून अनुभवी भालेवाले हातचं राखून चालतात आणि पाण्यात ज्याच्याबद्दल प्रश्नच पडत नाही तेवढाच मासा घेतात.