भाजी धुण्यामागचा इतिहास : लेड आर्सेनेटपासून आंतरप्रवाही कीटकनाशकांपर्यंत

भाजीवरील कीटकनाशकांचे अवशेष घरच्या घरी कमी कसे करावेत, असे विचारले की कुणी मीठ सुचवते, कुणी व्हिनेगर, तर कुणी खाण्याचा सोडा. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, आणि विष भाजीच्या नेमके कुठे बसले आहे, यावरच त्याचे उत्तर आजवर बदलत आले आहे.

1892 च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये झाडांची पाने फस्त करणाऱ्या अळीवर लेड आर्सेनेट हे शिसे व आर्सेनिक यांचे विषारी संयुग फवारले जाऊ लागले. ते पानाफळांना घट्ट चिकटत असे आणि पावसाने सहजी धुऊन जात नसे. बागायतदारांना त्याचा हाच गुण आवडला, आणि तोच खाणाऱ्याला घातक ठरला. 1920 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी सफरचंदांवरील आर्सेनिकला ब्रिटनने हरकत घेतली, तेव्हा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फळे धुऊन, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून, मगच पेट्या भरल्या जाऊ लागल्या. घरात हे करता येण्यासारखे नव्हते, आणि कुणी करूही नये.

स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि महायुद्धानंतर ते शेतोशेती पोहोचले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सालीवरच्या मेणचट थरात मात्र मुरते, त्यामुळे साध्या धुण्याचे बळ तेथे अपुरे पडू लागले. पुढे आंतरप्रवाही कीटकनाशके आली. ती मुळांवाटे किंवा पानांवाटे शोषली जाऊन वनस्पतीच्या रसातून फिरतात. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात आल्डिकार्ब हे असेच एक कीटकनाशक शोषलेली कलिंगडे खाऊन शेकडो लोक आजारी पडले. विष गरातच असल्याने ती कितीही धुतली असती तरी उपयोग नव्हता.

घरगुती उपायांची शिस्तशीर तपासणी त्यामानाने उशिरा झाली. कनेक्टिकटमधील कृषी संशोधन केंद्राने 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळाच्या वाहत्या पाण्याने 12 पैकी 9 कीटकनाशकांचे अवशेष घटले. विशेष म्हणजे, कोणते रसायन पाण्यात किती विरघळते याच्याशी ही घट जुळत नव्हती. यावरून मला वाटते की अवशेष विरघळण्यापेक्षा हाताने चोळण्यामुळे आणि पाण्याच्या धारेमुळे सुटून निघतात, आणि भाजी नुसती भिजत ठेवण्यापेक्षा धारेखाली चोळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

खाण्याच्या सोड्याचा बोलबाला झाला तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या 2017 मधील प्रयोगामुळे. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम सोडा घालून त्यात सफरचंदे 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन फवारणीची रसायने साध्या पाण्यापेक्षा अधिक निघाली. मात्र त्यांपैकी थायाबेन्डाझोल हे बुरशीनाशक सालीत 80 मायक्रोमीटरपर्यंत उतरले होते, आणि तेवढा अंश सोड्यालाही निघाला नाही. फळाची साल काढता येते. पालेभाजीला तोही मार्ग नाही, आणि तिच्या बाबतीत शेवटची फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षा कालावधी शेतातच पाळला गेला पाहिजे.